महिषासुर पडेना तेव्हा

आमच्या वसाहतीच्या वर्धापनदिनाला निघालेली स्मरणिका मी एकदा चष्मा लावून वाचली, आणि आपण वाचले तेच खरोखर छापले आहे ना याची खात्री करण्यासाठी चष्मा पुसून पुन्हा वाचली. तीत म्हटले आहे की वाघदरीच्या धरणग्रस्तांना माळवड्याचे गायरान मिळाले ते कैलासवासी भाऊसाहेबांच्या खंबीर नेतृत्वामुळे, आणि ओढ्याकडचा पट्टा गुरांसाठी मोकळा सोडण्याचे औदार्यही त्यांचेच. एका निवृत्त साहेबांनी वर्तमानपत्रात लेख लिहून तेच श्रेय प्रशासनाच्या समन्वयाला देऊन टाकले. माझी धाकटी बहीण त्या वेळी आईच्या कडेवर होती, आणि ती आता लग्नकार्यांत सांगत फिरते की केदू पाटलांना कोणीतरी दारू पाजली होती. या तिघांविषयी मला आदर आहे, बहिणीविषयी किंचित कमी. परंतु त्या सकाळी देवी मी होतो. महिषासुराच्या समोर हातात तलवार घेऊन मी उभा होतो; भाऊसाहेब नव्हते, साहेब नव्हते आणि समन्वय तर नव्हताच. म्हणून हे प्रकरण मी लिहीत आहे.

आम्ही राहत होतो त्या पत्र्याच्या चाळी सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, माळवडे गावाच्या शिवेवर उभ्या केल्या होत्या. सरकारदप्तरी त्यांचे नाव ‘तात्पुरता निवारा’. मी तिथे रांगत आलो, आणि मला मिसरूड फुटले तेव्हाही तो निवारा तात्पुरताच होता. पश्चिमेकडच्या डोंगरातले आमचे वाघदरी धरणाच्या पाण्याखाली गेले होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की काही म्हातारे तिथवर जात, गाळात उघड्या पडलेल्या जोत्यांवर बसून येत. आम्हा मुलांना मात्र चाळींचे दुःख वाटत नसे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पत्रे दुपारी तापून तडतडत आणि संध्याकाळी निवू लागले की एकामागून एक टणटण वाजत, जणू कोणी रिकामी पातेली घासत बसले आहे. खोल्यांमधल्या भिंती गोणपाटाच्या होत्या, त्यामुळे एका घरात विनोद झाला की तीन घरे हसत. आई डोंगरातून येणाऱ्या नातलगांकडून नागली मागवी आणि तिच्या काळ्या भाकरीबरोबर उडदाचे भुजे, म्हणजे भाजलेल्या उडदाचे दाट कालवण, करी. वर कच्चे तेल आणि ठेचा. माळवड्याच्या बाजरी खाणाऱ्या पोरांना ती भाकर म्हणजे जळालेली वाटे. मी त्यांना तसे वाटू देत असे, कारण मग वाटेकरी कमी होत.

आमच्या खोलीला एक वैभव होते. वाघदरीत चैत्रात बोहाडा होई. देवांची आणि राक्षसांची सोंगे लाकडी मुखवटे चढवून सांबळ-पिपाणीवर नाचत, आणि अखेरच्या दिवशी सूर्य वर आला की देवी महिषासुराला मारी. ते मुखवटे सांभाळण्याचा आणि रंगवण्याचा मान आमच्या घराण्याचा. गाव सोडताना लोकांनी कणग्या आणल्या, जाती आणली. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आधी मुखवटे बैलगाडीत घातले आणि मग आम्हांला. चाळीत ते गोधड्यांत बांधून आढ्याला टांगलेले असत. मी दहा तोंडांच्या रावणाखाली झोपून वाढलो. पुढे आयुष्यात कोणत्याही अध्यक्षाची मला भीती वाटली नाही, ती यामुळेच. पण ते मुखवटे त्या सगळ्या वर्षांत एकदाही नाचले नव्हते. बोहाडा आपल्या भूमीवर करायचा, उपऱ्या जागेत नाही, अशी सर्वांची समजूत होती. भाऊसाहेबांनी तर त्याची घोषणाच केली होती: “आधी सातबारा, मग बोहाडा!” भाऊसाहेब आमचे पुढारी. माणूस शिकलेला, आवाज खणखणीत, धोतर नेहमी परीटघडीचे. त्यांचा त्याग मी नाकारत नाही, फक्त त्यांच्या पुतण्याने काढलेली ती स्मरणिका नाकारतो.

मला मिसरूड फुटले त्या वर्षी फाल्गुनात पुनर्वसन खात्याचे साहेब, पुढे तो लेख लिहिणारे तेच, जीपमधून आले आणि चाळीसमोर उभे राहून सांगून गेले की आता कायमचा निकाल लागणार. काही कुटुंबांना येवल्याच्या पलीकडे जमीन, काहींना मालेगावच्या बाजूला, उरलेल्यांना पेठ तालुक्यात. जमीन चांगली होती, असे ते म्हणाले, आणि ते खोटे बोलत नसावेत. पण गाव तीन ठिकाणी फुटणार होते. ते टाळायचे तर एकच वाट होती: चाळींच्या मागचे गायरान आम्हांला द्यायला माळवड्याच्या ग्रामसभेने पावसाळ्याच्या आत संमती देणे. ग्रामसभा नाही म्हणून बसली होती, आणि त्या नाहीमागचा मोठा आवाज होता केदू पाटलांचा.

केदू पाटलांना आम्ही केदूआबा म्हणत असू. बहिणीच्या गोष्टीत ते खलनायक असतात, ते चुकीचे आहे. आम्ही नवीन आलो तेव्हा चाळीत ताकाचे हंडे त्यांच्याच घरून येत. पण गावातल्या सर्वाधिक म्हशी त्यांच्या दावणीला होत्या, आणि रोज सकाळी त्या आमच्या चाळीमागून गळ्यातल्या घंटा वाजवत गायरानावर चरायला जात. “पावण्याला ताक द्यावं,” ते पारावर बसून म्हणत, “गायरान दिल्यावर ताक आणायचं कुठून?”  भाऊसाहेबांची मागणी एकच: गायरान पूर्ण पाहिजे, ओढ्यासकट. ओढ्याकाठची काळी माती त्यांनी भाजीपाल्यासाठी मनात धरली होती. तिथला माल पंचवटीच्या बाजारात कसा जाईल, हेही ते रंगवून सांगत. दोन्ही बाजू आपापल्या जागी अशा पक्क्या बसल्या होत्या की मधून वारा जाऊ नये.

आप्पा कमी बोलणारे. एका संध्याकाळी त्यांनी जेवता जेवता घास हातात ठेवून आढ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “औंदा बोहाडा करायचा. गायरानावर.”

आई म्हणाली, “भाऊसाहेब नाय म्हनतील.”

“म्हनू दे. गाव फुटल्यावर रावण मालेगावला जाईल अन् बिभीषण पेठला. मंग काय पोस्टानं लढतील?”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तिथेच ठरले. लोकांनाही ते पटले, कारण गाव फुटणारच असेल तर शेवटचे एकदा सगळे मिळून नाचावे असे त्यांना वाटले. भाऊसाहेब रुसून नाशिकला जाऊन बसले. हा तपशील स्मरणिकेत नाही.

अडचण निराळीच निघाली. आमच्याकडे प्रत्येक सोंगाचे नियम असत. महिषासुराचा नियम असा की ज्याच्या दावणीला म्हैस असेल त्यानेच तो मुखवटा चढवायचा. आधी सकाळी आपल्या म्हशीच्या पाया पडून तिची परवानगी घ्यायची. चाळीत माणसाला पाय पसरायला जागा नव्हती, म्हैस कोण ठेवणार? ज्या घराण्याकडे तो मान होता ते केव्हाच पंचवटीत जाऊन भाजीबाजारात हमाली करू लागले होते. महिषासुराशिवाय देवी मारणार कोणाला? आप्पांनी दोन दिवस तो मुखवटा उतरवून पुसला. मग मला म्हणाले, “चल, येशा.” आणि आम्ही केदूआबांच्या गोठ्यात गेलो.

आबा धार काढत होते. भांड्यातल्या फेसावरची नजर न हलवता त्यांनी विचारले, “गायरान मागायला आला असशील तर तोंडाची वाफ दवडू नको.”

“गायरान कोण मागतंय? म्या म्हैसवाला मागतोय,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी नियम सांगितला.

आबांची धार थांबली. “म्हंजे मी राक्षस व्हायचं?”

आतून त्यांच्या बायकोचा, भागाकाकूंचा, आवाज आला, “होऊन घ्या की. मुखवट्याचा खर्च तेवढा वायाच जायचा!”

“तू गप गं!” आबा ओरडले, पण मिशीत हसू फुटलेच होते. त्यांनी सर्वांत मोठ्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली. “नाचीन मी. लहानपणी पोळ्याला नाचायचो, आता कोण बोलवतंय? पण सांगून ठेवतो, गायरान देणार नाय. नाचीन, पण देणार नाय.”

“नाचा तर खरं,” आप्पा म्हणाले.

बोहाडा झाला. त्या रात्रींचे वर्णन मी करणार नाही, ते स्मरणिकेत बरे जमले आहे. तिथे केवळ सोंगे आहेत, श्रेय नाही. मी शेवटच्या सकाळीविषयी बोलतो. देवी होण्याचा मान आमच्या घरचा. आप्पांचे गुडघे गेले होते, म्हणून मी. आईचे हिरवे लुगडे नऊवारी नेसवले होते, कमरेला घुंगरू, कानांवर फडक्याच्या घड्या आणि त्यावर मुखवटा. मुखवटा चढला की दिसते ते डोळ्यांच्या दोन भोकांतून, आणि ऐकू येतो तो फक्त सांबळ, नाहीतर घसा फोडून मारलेली आरोळी. ज्यांचे म्हणणे आहे की नाशिकहून परतलेल्या भाऊसाहेबांनी मागून येऊन माझ्या कानात काही सांगितले, त्यांनी कृपा करून एकदा कानांना फडके बांधून पाहावे.

गायरानावर दोन्ही गावे लोटली होती. आबा आले ते पाहून मीदेखील क्षणभर देवी असल्याचे विसरलो. सावरीच्या लाकडाचा तो शिंगांचा मुखवटा मी तोवर आढ्याला गोधडीत टांगलेलाच पाहिला होता. आबांवर तो उगवल्यासारखा दिसत होता. ते नाचलेही असे की माळवड्याची पोरे वेडी झाली. रिवाज असा की देवीने तिसरा वार केला की महिषासुर पडतो. मी पहिला वार केला. दुसरा केला. तिसरा करताना दोन्ही हातांनी तलवार उचलली आणि त्यांच्या खांद्याला लावली. आबा पडले नाहीत.

मी चौथा वार केला. ते गिरकी घेऊन पलीकडे गेले. माळवड्याकडून आरोळी उठली, “आबा, पडू नका! आबा, पडू नका!” आमच्या बाजूची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. महिषासुर उभाच राहिला तर देवी हरली, आणि देवी हरलेल्या गावाने उद्या तीन दिशांना जायचे, असे न बोलताच सर्वांच्या मनात आले. ऊन चढत होते. सांबळवाल्याच्या बोटांना फोड आले असावेत. घामाने माझ्या डोळ्यांत मीठ उतरले होते. तेवढ्यात मुखवट्याच्या आतून, हौदातून यावा तसा आबांचा आवाज आला, “अरे, पडू कुठं? खाली निस्ती दगडं हायेत!”

लोक हसले. माझ्या आईने पुढे होऊन दोन गोधड्या अंथरल्या. तरीही आबा पडेनात. ते गोधडीभोवती फिरत राहिले, आणि फिरता फिरता एकदम थांबून इतक्या मोठ्याने गरजले की सांबळवाल्याने भीतीने हात उचलले. “तुमी गायरान घेऊन बसाल! मंग माझ्या म्हशींनी जायचं कुठं? ते सांग आधी!”

 इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. वाघदरीत मुखवटा चढल्यावर तोंड उघडायचे नसे. आणि कोणी उघडलेच, तर तो शब्द त्या माणसाचा नसे, सोंगाचा असे, आणि अख्ख्या गावाने तो पाळायचा असे. आबांना हे ठाऊक नव्हते. मला होते. मी सतरा-अठरा वर्षांचा होतो, काय बोलावे ते मला कोणी शिकवले नव्हते; पण रोज सकाळी चाळीमागून जाणाऱ्या त्या घंटा मी जन्मभर ऐकल्या होत्या आणि आबांचा प्रश्न मला खरा वाटला. आजवर आमच्याकडून कोणी त्याला उत्तरच दिले नव्हते. मी तलवार खाली घेतली आणि ओरडलो, “ओढ्याकडची बाजू म्हशींची! आंब्यापासून पार खालपर्यंत! तिथं कुणी घर बांधणार नाय, नांगर घालणार नाय!”

“अन् पाण्यावर जायची वाट?”

“मोकळी!”

शिंगे किंचित कलली. “कोण बोलतंय हे?”

“देवी बोलतीय!”

आबा उभे राहिले. मुखवट्यामागे त्यांचा चेहरा कसा झाला होता ते कोणालाच सांगता येणार नाही, जरी सांगणारे पुष्कळ आहेत. मग सावकाश, सर्वांना ऐकू येईल असे ते म्हणाले, “मंग बाकीचं तुमचं.”

आणि तरी उभेच! तेव्हा माळवड्याच्या बायकांतून भागाकाकू तारस्वरात ओरडल्या, “अवो, पडा की आता! धारा खोळंबल्यात!”

आबा पडले. असे पडले की गोधडीसुद्धा धुळीत दिसेनाशी झाली. सांबळ पुन्हा सुरू झाला आणि दोन्ही गावांतल्या कोणाला कळेना की आपण कोणाच्या विजयाने नाचतो आहोत. दारूचा प्रश्न बहिणीने पुन्हा काढू नये म्हणून लिहून ठेवतो: मी त्यांचा मुखवटा स्वतः उतरवला. तोंडाला वास होता तो ताकाचा.

पडलेल्या महिषासुराला देवीच्या घरी नेऊन आंघोळ घालायची आणि जेवू घालायचे, असा रिवाज. केदूआबा प्रथमच आमच्या पत्र्याच्या खोलीत मांडी घालून बसले. नागलीच्या भाकरीकडे त्यांनी संशयाने पाहिले. “ही करपली काय, वहिनी?”

“तिचा रंगच तसा, भाऊजी. तुमच्या म्हशीसारखा,” आई म्हणाली.

त्यानंतर ते भाकरी मोजू न देता खात राहिले. आप्पांनी तेव्हा त्यांना मुखवट्याच्या शब्दाचा नियम सांगितला. आबांचा घास मध्येच थांबला. “म्हंजे राक्षसाचा शब्दबी धरता तुमी?”

“आमच्यात राक्षसाचाबी धरत्यात,” आप्पा म्हणाले आणि त्यांच्या ताटात आणखी भुजे वाढले.

भाऊसाहेब संध्याकाळी नाशिकहून आले ते लालबुंद होऊन. “येशा, कोणाला विचारून ओढा दिलास? सबंध गायरानातली सोन्यासारखी माती ती!”

“म्या नाय दिली. देवीनं दिली.”

“कुठे आहे ती देवी?”

मी बाहेरच्या दोरीकडे बोट केले. आईचे हिरवे लुगडे धुऊन वाळत घातले होते. भाऊसाहेबांनी त्या लुगड्याकडे बराच वेळ पाहिले. मग, हे त्यांच्या बाजूने लिहितो, ते स्वतःही हसले. शब्द मोडा असे मात्र ते म्हणाले नाहीत, कारण तेही वाघदरीचेच होते. ओढा सोडण्यात त्यांचा वाटा असेल तर तो एवढाच.

ग्रामसभेत आबा उभे राहिले तेव्हा कोणीतरी विचारले की सोंगातले बोलणे काय मनावर घ्यायचे. आबा म्हणाले, “माणूस म्हणून बोललो असतो तर फिरवला असता शब्द, तुमी काय मला वळखत नाय? पण दोन गावांसमोर शिंगं लावून बोललोय. आता फिरवू कसा?” सभा हसली, आणि हसलेल्या सभेला नाही म्हणणे जड जाते. ठराव झाला. साहेब जीपमधून आले, माणसांनी मोजणीच्या साखळ्या ओढल्या, आणि आम्ही पेठ, मालेगाव, येवला यांपैकी कुठेही न जाता चाळीच्या मागच्या बाजूला कायमचे गेलो. इतक्या जवळ जायला इतकी वर्षे लागली. साहेबांनी मोजणी चोख केली, ते श्रेय मी त्यांना देतो. मोजायला जागा कोणी दिली, हे त्यांनी लेखात लिहायला हवे होते.

आज वसाहतीत स्लॅबची घरे आहेत, गच्चीवर पोरे मोबाईलवर बोहाड्याचे चित्रीकरण करतात. महिषासुराचा मान अजून आबांच्या घराण्यात आहे, आणि त्यांचा नातू आबांइतकाच उशिरा पडतो. मध्यंतरी पिंपळगाव बसवंतचा एक व्यापारी द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी ओढ्याकडची जागा विचारायला आला होता. आमच्या सरपंचबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हशी दाखवून परत पाठवले.

पण आम्ही तिथे खरोखर कायमचे झालो तो दिवस ठरावाचाही नव्हता आणि मोजणीचाही नव्हता. पांढऱ्या फक्कीच्या रेघांनी आखलेल्या प्लॉटवर घरे उभी राहू लागली होती. आमच्या कुडाला अजून माती लागायची होती. एका सकाळी मी आणि आप्पा बांबू तासत बसलो होतो, आणि पलीकडून आईचा आवाज आला. तसा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. शेजारच्या प्लॉटवरच्या ठकूमामींनी कुंपणाची काठी फक्कीच्या वीतभर अलीकडे रोवली होती. चाळीत भांडणे होत, पण ती पाण्याची किंवा पोरांची; जागेवरून कोणी कोणाशी भांडत नसे, कारण जागा कोणाचीच नव्हती.

“ही काठी उपट आधी!” आई म्हणत होती. “ही माझी जागा हाय! माझी!”

“तुझी? तुझ्या आज्यानं आखली व्हती काय?” ठकूमामींनी पदर खोचला. “इथून इथवर माझं!”

मी मिटवायला उठलो. आप्पांनी माझा हात धरून मला खाली बसवले. त्यांच्या हातातला कोयता थांबला होता आणि डोळे मिटलेले होते, देवळात कीर्तन ऐकताना असत तसे.

“भांडू दे रे,” ते म्हणाले. “जरा ऐकू दे.”

आम्ही दोघे ऐकत राहिलो. भांडण दुपारपर्यंत पुरले. ठकूमामींची नातवंडे आता म्हणतात की काठी फक्कीवरच होती. ती अलीकडे होती. वीतभर.